डाव्या फिब्युलाचं उजवं प्रकरण

माणसाने स्वतःची स्तुती स्वतः करू नये, हे मला मान्य आहे. पण दुसरं कुणी करतच नसेल तर ते काम असंच पडू द्यायचं का? म्हणून सांगतो. मी सत्यम. एमबीबीएस प्रथम वर्ष; गुप्तहेर, सर्व वर्षे. नजर घारीची. नाक तीक्ष्ण, डिसेक्शन हॉलमधल्या फॉर्मॅलीनमुळे सध्या बंद. स्मरणशक्ती अशी की एकदा पाहिलेला चेहरा मी कधी विसरत नाही, फक्त तो कुणाचा हे आठवत नाही.

गुप्तहेरी आमच्या रक्तात आहे. आजोबा आप्पासाहेब गावचे पोलीस पाटील होते. त्यांच्या कारकिर्दीत गावात एकही चोरी झाली नाही, असं ते सांगायचे. गावकरी सांगायचे, की झाल्या, पण पाटलांना कळल्या नाहीत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

माझा सहायक म्हणजे माझा रूम पार्टनर अतुल. त्याचे वडील वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात आणि हा शिफ्टमध्ये जेवतो. आम्ही दोघांनी मिळून आजवर बरीच प्रकरणं हाताळली आहेत. मेसच्या डाळीतली डाळ कुठे जाते, याचा तपास चालू आहे. अतुलची हरवलेली चप्पल मात्र मी अर्ध्या दिवसात शोधून काढली. ती माझ्या पायात होती.

आता आमच्या जगाविषयी थोडं. मेडिकलला नंबर लागला की नातेवाइकांना वाटतं, पोरगं डॉक्टर झालं. मावशी फोन करून गुडघेदुखीवर औषध विचारते. मी तिला गुडघ्यातल्या हाडांची नावं सांगतो. ती गुडघा तसाच दुखत ठेवून फोन ठेवते. कारण पहिल्या वर्षी आम्हाला रोगी दिसत नाही, रोग दिसत नाही, दिसतात ती हाडं. त्या हाडांच्या संचाला बोन सेट म्हणतात. त्यात हातापायांची हाडं एकाच बाजूची असतात. कुणाचा सेट डावा, कुणाचा उजवा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडम एक हाड हातात देतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या बाजूचं?" उत्तर बरोबर आलं तर पुढचा प्रश्न. चुकलं तर पुढचा प्रश्नच नाही. मॅडम हाड काढून घेतात आणि दाराकडे बघतात.

पायाच्या हाडांची व्हायवा सोमवारी होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी कॉलेजच्या वाचन कक्षात गेलो, आणि तिथे माझ्या कारकिर्दीतलं सर्वात मोठं प्रकरण माझी वाट बघत होतं.

संध्या एका टेबलाशी हाडं मांडून बसली होती. ही देवगाव रंगारीची. बारावीपर्यंत गावाकडंच शिकलेली, बोलणं कमी, अभ्यास जास्त. तिचा बोन सेट उशीच्या खोळीत असतो. खोळीवर तिच्या आईने, मालनबाईंनी, रंगीत दोऱ्याने फुलं काढलेली आहेत. लांबून बघणाऱ्याला वाटतं पोरगी उशी घेऊन झोपायला चालली आहे. जवळून बघणाऱ्याची झोप उडते.

सेट तिला मोनिकाताईने दिलेला. मोनिकाताई आमची सीनियर, आता इंटर्न. या सेटची एक रीत आहे. तो विकायचा नाही, गावाकडून आलेल्या एका मुलीने शिक्षण संपताना नव्याने आलेल्या तशाच एका मुलीला द्यायचा. आणि व्हायवाच्या आधी देणारीने येऊन हाडांची हजेरी घ्यायची. एखादं हाड हरवलं किंवा बदललं, तर सेट परत घेऊन रांगेतल्या दुसऱ्या मुलीला द्यायचा. त्यात दयामाया नाही, कारण मोनिकाताईच्या आधीच्या एका मुलीने टाचेचं हाड पेपरवेट म्हणून वापरायला दिलं होतं, ते आजवर परत आलेलं नाही.

मी सहज म्हणून संध्याच्या टेबलावरचं एक लांब, काडीसारखं हाड उचललं. ते फिब्युला. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, त्यातलं बाहेरच्या बाजूचं बारीक. मी ते डोळ्यांसमोर धरलं आणि माझ्या कपाळावर आठी पडली.

"संध्या, तुझा सेट डावा ना?"

"व्हय. का?"

"हे हाड उजवं आहे."

"कसं काय? मला तर डावंच वाटलं व्हतं."

"वाटणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं," मी म्हणालो, आणि तिला रीत दाखवली. फिब्युलाच्या डोक्याला टोक असतं, असं पुस्तकात लिहिलंय. दोन्ही टोकांत जास्त टोकदार कोणतं ते बघायचं. तेच डोकं. ते वर धरायचं. त्याच्याजवळचा खड्डा मागे, गुळगुळीत भाग आत. झालं. ही रीत मी स्वतः तर्काने शोधली होती आणि मोठ्या मनाने जवळजवळ अख्ख्या होस्टेलला शिकवली होती.

संध्याने हाड तसं धरलं. उलटसुलट बघितलं. मग म्हणाली, "उजवं येतंय."

"म्हणजे तुझं डावं हाड कुणीतरी पळवलं आणि त्या जागी हे ठेवलं."

तिने हाड टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "मी रोज ह्येच हाड घेऊन बसते. मला कळलंच कसं नाय?"

तिचा चेहरा पार उतरला होता. चोरीचा धक्का माणसाला असाच बसतो. मी तिला धीर दिला, "काळजी करू नकोस. मोनिकाताई रविवारी येतील ना? त्याआधी हाड तुझ्या खोळीत असेल."

मी दिलेला शब्द पाळतो. पुढे काय झालं ते बघता, एवढी तत्परता नसती तरी चाललं असतं.

शनिवारी सकाळी पोह्यांच्या गाडीवर मी अतुलपुढे पहिला सिद्धांत मांडला. आंतरजिल्हा हाडतस्कर टोळी.

"म्हणजे चोर आला," अतुल पोह्यांवर शेव मागून घेत म्हणाला, "हाड घेतलं, आन् जाताना त्याच मापाचं दुसरं हाड ठेवून गेला? एवढा सज्जन चोर हाय तर त्याला धरायचं कशाला? सत्कार करू."

सिद्धांत दुसरा. होस्टेलचा कुत्रा. कुत्रा आणि हाड यांचे संबंध जगजाहीर आहेत. त्याने डावं नेलं, मग पश्चात्ताप होऊन उजवं आणून ठेवलं.

"कुत्र्याला डावं-उजवं कळतं," अतुल खिन्नपणे म्हणाला, "आन् मला नाय."

तिसऱ्या सिद्धांताला मात्र वजन होतं. मागच्या आठवड्यात मालनबाई लेकीला भेटायला आल्या होत्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या आणि जाताना रूम झाडून गेल्या. आया रूम झाडतात तेव्हा वस्तू जागच्या हलतात, हे गुन्हेशास्त्रातलं मूलभूत तत्त्व आहे. मी संध्याकडून नंबर घेऊन फोन लावला.

"जय भीम दादा. कोण बोलतंय?"

"मी सत्यम. संध्याच्या वर्गातला. मावशी, त्या हाडांच्या पिशवीला तुम्ही हात लावला होता का?"

"नाय बाबा! लांबूनच बघितली. लांबूनच हात जोडले. म्हणलं, बाबा, तू कुणाचा कोण असशील, पर माझ्या लेकराला शिकीव. तुझं उपकार व्हतील." मग त्यांचा आवाज बदलला. "दादा, कालपासून पोरीचा आवाज लई बारीक यायलाय. इचारलं तर म्हणती, आई, मला ह्यातलं काय कळंना, मी परत येऊ का? असं कधी बोलली नाय ती. काय झालंय का तिथं?"

"तपास चालू आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला जरा वाईट वाटलं. म्हणून मी तपासाचा वेग वाढवला. वाईट वाटल्यावर थांबायची पद्धत आमच्या घराण्यात नाही.

संशयाची सुई आता फिरत फिरत इंद्रजीतवर आली. इंद्रजीत आमच्याच बॅचचा, पडेगावहून रोज मोटरसायकलवर येतो. शुक्रवारी तो संध्याच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. आणि त्याचा सेट, लक्ष द्या, उजवा आहे! डावं हाड हरवलं, उजवं सापडलं, आणि उजव्या सेटवाला शेजारी. अतुलसुद्धा पोहे खायचा थांबला. अर्थात पोहे संपले होते.

इंद्रजीत वाचन कक्षातच सापडला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"फिब्युला काढ."

"का रे?"

"निर्दोष असशील तर काढशील."

त्याने पिशवीतून काढून दिला. मी टोक वर धरलं, खड्डा मागे, गुळगुळीत भाग आत. हाड डावं होतं! उजव्या सेटमध्ये डावं हाड! अतुलला धरायला दिलं, त्याचंही डावंच आलं. त्याला मीच शिकवलंय.

"काहीही काय!" इंद्रजीत म्हणाला. "माझ्या आत्याच्या पोरानं दिलाय हा सेट. पहिल्यापासून हेच हाड हाय ह्यात."

"तूच धरून बघ. टोक वर."

त्याने धरलं. बघितलं. परत बघितलं. "डावं येतंय," तो हळूच म्हणाला. "मग मी एवढे दिवस काय येडा व्हतो का?"

"ते न्यायालय ठरवील," मी म्हणालो.

संध्याला बोलावलं. तिथल्या तिथे, साक्षीदार म्हणून अतुल, हाडांची अदलाबदल झाली. इंद्रजीतचं तिच्याकडे, तिचं इंद्रजीतकडे. संध्याने नवं हाड हातात घेऊन बघितलं.

"हे जरा पांढरं दिसायलंय. माझं चहाच्या रंगाचं व्हतं."

"धास्तीने पांढरं पडलं असेल."

"आन् लांब बी वाटतंय."

"हाडं वाढतात, संध्या."

"मेल्यावर?" अतुलने विचारलं. सहायकाने भलत्या वेळी प्रश्न विचारू नयेत, हे मी त्याला कितीदा सांगितलंय.

मग मी बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निवेदन दिलं: "फिब्युला प्रकरण निकाली. हाड जप्त करून मालकिणीच्या ताब्यात. आरोपी: इंद्रजीत. हेतू: अजून कळायचा आहे." त्यावर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. इंद्रजीतने मोबाइल बघितला, हाडं पिशवीत भरली, आणि एक शब्द न बोलता गाडीला किक मारून पडेगावला निघून गेला. गुन्हेगार उघडा पडला की असाच गप्प होतो, असं मी अतुलला म्हणालो. अतुल म्हणाला, "कधी कधी चांगला माणूस पण होतो." मी ते मनावर घेतलं नाही.

रविवारी दुपारी मोनिकाताई आली. तिची पोस्टिंग खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर लागली होती, संध्याकाळची एसटी गाठायची होती. खांद्याला बॅग, डोक्याला रुमाल. मुलींच्या होस्टेलच्या गेटसमोर कडुलिंबाखाली पार आहे, तिथे हजेरी सुरू झाली. मी आणि अतुल माझ्या विजयाचा सोहळा बघायला आलो होतो. वॉचमन कडुबामामांनी आम्हाला गेटपासून हातभर लांब उभं केलं होतं.

"फीमर," ताई म्हणायची आणि मांडीचं हाड उचलायची.

"हजर, ताई. डावं," संध्या म्हणायची.

मग नडगीचं हाड. "टिबिया."

"हजर. डावं."

"फिब्युला." ताईने हाड उचललं. बोटांत फिरवलं. थांबली. "हे कुठलं?"

"डावं."

"नीट बघ."

संध्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून धीर दिला. "डावंच, ताई."

"हे उजवं आहे, संध्या. आणि माझं नाही. माझ्या फिब्युलाला मी वर्षभर उशाशी घेऊन झोपलेय. अंधारात ओळखीन." ताईचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "काय झालं?"

संध्या तिथेच पारावर बसली. डोळे भरून आले तिचे. "ताई, तुम्ही सेट घेऊन जा. ज्या पोरीला कळतं तिला द्या. मला डावं-उजवं बी कळंना. मी उद्या व्हायवाला बसतच नाय. गावाकडं जाते."

बोलता बोलता तिने खोळीचं तोंड बांधायलाही घेतलं. आईने काढलेली ती फुलं तिच्या मुठीत चुरगळली. गुप्तहेराने अशा वेळी पुढे व्हायचं असतं. मी झालो.

"ताई, तुमचा गैरसमज होतोय. हे हाड डावंच आहे, मी सिद्ध करून देतो. फिब्युलाचं टोकदार टोक वर धरायचं..."

"वर?" मोनिकाताई म्हणाली. "कुणी सांगितलं?"

"माझा निष्कर्ष आहे."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं रिकाम्या सलाइनच्या बाटलीकडे बघतात. मग माझ्याकडे पाठ केली आणि संध्यासमोर उकिडवी बसली.

"या शहाण्यानं सांगायच्या आधी तुला तुझं हाड कुठलं वाटत होतं?"

"डावं."

"का?"

संध्याने डोळे पुसले. मग चप्पल काढली, पाय पारावर सरळ केला, आणि ते हाड नडगीच्या बाहेरून पायाला लावलं. डाव्या पायाला बसेना. तिने उजवा पाय पुढे घेतला. टोकदार टोक खाली केलं, घोट्याजवळ नेलं. हाड बरोबर बसलं.

"हे टोक खाली येतं, ताई," ती म्हणाली. "घोट्याला बाहेरून हा उंचवटा असतो ना, तो हाच हाय. सगळ्यांनाच असतो."

अतुल खाली वाकला आणि स्वतःचा घोटा चाचपू लागला. कडुबामामांनी खुर्चीत बसल्या बसल्या बूट काढला. मीही वाकलो. जन्मल्यापासून माझ्या पायाला, बाहेरच्या अंगाला, खाली, ते टोक तिथेच होतं. रोज मोजा घालताना त्याला हात लागत होता.

"हाय की!" कडुबामामा आनंदाने म्हणाले. "दोन्ही पायाला हाय!"

"म्हणजे हे उजवं," संध्या म्हणाली. आता तिचा आवाज जरा मोठा झाला होता. "इंद्रजीतचं. आन् माझं डावंच व्हतं. शुक्रवारी बी डावंच व्हतं."

मी सर्व धागेदोरे मनात परत जुळवले. "म्हणजे चोरी झालीच नव्हती?"

"झाली ना," अतुल म्हणाला. "काल. आपण केली."

मोनिकाताईने घड्याळ बघितलं. "मी एसटीला निघायच्या आत माझं हाड परत आलं, तर सेट संध्याकडं. नाय आलं, तर पोरी, नियम तो नियम. मला तो सगळ्यांना सारखाच लावावा लागतो."

संध्याने मान हलवली. ती आम्हाला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

अतुलच्या गाडीवर आम्ही छावणीतून पडेगावच्या रस्त्याला लागलो. पुढे अतुल, मागे मी, माझ्या एप्रनमध्ये गुंडाळलेला इंद्रजीतचा फिब्युला. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने एप्रनमधून डोकावणारं हाड बघितलं आणि अतुलला विचारलं, "क्या मियां, बिर्याणी का हे क्या?" अतुलने सिग्नल सुटायची वाट बघितली नाही.

इंद्रजीत घरासमोर गाडी धूत होता. आम्हाला बघून त्याने पाण्याचा पाइप बंद केला नाही.

"काय रे, चोराच्या घरी काय काम काढलं?"

मी सगळं सांगितलं. म्हणजे, प्रकरणाला नवं वळण लागलं आहे, असं म्हणालो. उरलेलं अतुलने सांगितलं. संध्या सेट परत करून गावाकडे निघालीय हे ऐकल्यावर मात्र इंद्रजीतने पाइप टाकला. आत गेला, पिशवी घेऊन आला, चहाच्या रंगाचं हाड काढलं आणि स्वतःच्या डाव्या पायाला लावून बघितलं.

"बसतंय राव," तो पुटपुटला. मग हाड पाठीमागे धरून माझ्याकडे वळला. "देतो. संध्यासाठी देतो. पर आधी ग्रुपवर लिही. जिथं मला चोर म्हणलास, तिथंच."

मी मोबाइल काढला. लिहिलं, "काही तांत्रिक कारणांमुळे..."

"नाय."

"तपासाची दिशा किंचित बदलल्याने..."

"नाय. सरळ लिही."

"सत्या," अतुल म्हणाला, "एसटी जाईल."

सरळ लिहिणं किती अवघड असतं, हे तोवर मला माहीत नव्हतं. मी लिहिलं: "इंद्रजीतने हाड चोरलं नाही. संध्याचं बरोबर होतं. मी फिब्युला उलटा धरत होतो. टोक खाली असतं. मला येत नव्हतं." आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

आता हसणारी तोंडं येतील म्हणून मी वाट बघत राहिलो. पहिला मेसेज आला: "खाली???" दुसरा: "अरे मी पण वर धरायलो." मग एकामागून एक. "आमच्या विंगमध्ये सगळेच वर." "उद्या मेलो असतो भावा." "सत्यम, थँक्यू रे." व्हायवाच्या आदल्या दिवशी निम्म्या बॅचचा फिब्युला सरळ झाला, तो केवळ माझ्या तपासामुळे. त्यांचा उलटा कुणामुळे झाला होता, हा तपशील मी ग्रुपवर वाढवला नाही.

इंद्रजीतने हाड माझ्या हातात दिलं नाही. म्हणाला, "तुझ्याकडं नको." आणि स्वतःच आमच्या पुढे गाडी काढली.

आम्ही पोचलो तेव्हा मोनिकाताई खांद्याला बॅग लावून उभीच होती. इंद्रजीतने हाड संध्याला दिलं. तिने कुणाकडे बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. चप्पल काढली, डाव्या पायाला लावलं.

"हजर, ताई," ती म्हणाली. "डावं."

ताईने उशीची खोळ उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "तुला कळत होतं. मग त्याचं कशाला ऐकलंस?"

संध्याने जरा विचार केला. "तो लई जोरात बोलतो, ताई."

मोनिकाताई हसली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि एसटीसाठी पळाली. मी तिथे उभा होतो. काहीतरी जोरात बोलावं असं मला वाटलं, पण सुचलं नाही. शेवटी हळू आवाजात म्हणालो, "संध्या, चुकलं माझं." ती म्हणाली, "बस इथं. फीमर घे. बघू तुला बाकीची तरी येतात का." अंधार पडेपर्यंत आम्ही चौघे त्या पारावर चपला काढून बसलो होतो. येणारे जाणारे बघून पुढे जात होते. कडुबामामांनी मध्येच येऊन गुडघ्याची वाटी कुठल्या बाजूची ते विचारलं. ती मला आली नाही.

सोमवारी व्हायवाला माझा नंबर संध्याच्या आधी होता. मॅडमनी फीमर दिला. मी म्हणालो, "उजवं." उजवंच होतं. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नक्की?"

आता हा प्रश्न काय आहे, हे आधी कळलं असतं तर! हाड बरोबर असो, चूक असो, मॅडम प्रत्येकाला तो विचारतात. पण गुप्तहेराचं मन सर्व शक्यतांना उघडं असतं. माझ्या मनात एक शक्यता शिरली, तिच्या मागोमाग दुसरी. मी म्हणालो, "डावं, मॅडम." मॅडमनी हाड काढून घेतलं आणि दाराकडे बघितलं.

मी बाहेर आलो. इंद्रजीतचं झालं होतं, तो सुटला होता. अतुलही सुटला होता, आणि त्या आनंदात वडापाव खात होता. तेवढ्यात संध्या आत गेली. दार पुरतं लागलं नव्हतं. आम्ही तिघे भिंतीला चिकटून उभे राहिलो.

"कुठल्या बाजूचं?" मॅडमचा आवाज.

"डावं."

"नक्की?"

अतुलचा घास तोंडातच राहिला. त्या एका शब्दाने माणसाचं काय होतं, हे मी दोन मिनिटांपूर्वीच अनुभवलं होतं. तिने बदलू नये म्हणून मी मनातल्या मनात ओरडत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून आवाज काढला नाही.

"परत एकदा बघ," मॅडम म्हणाल्या. "विचार करून सांग."

मग संध्याचा आवाज आला. एवढा मोठा तिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, तुम्ही कितीबी येळा इचारा. हे डावंच हाय."

आत मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "बरं. आता पुढचं सांग."